आमची वाटचाल: सायकलच्या मागच्या शॉकपर्यंत

सुरुवातीला आम्ही दोघंच होतो आणि पडेल ते काम घ्यायचो. गिअर लावणं, चाकाचा आऊट काढणं, ब्रेकचं तेल बदलणं. माउंटन बाइकचा मागचा शॉक, म्हणजे मागच्या चाकाचे धक्के झेलणारा भाग, आला की मात्र तो काढून बाहेर पाठवायचो. परत कधी येईल ते सांगता यायचं नाही, आणि गिऱ्हाइकाची सायकल ऐन मोसमात भिंतीला टेकून उभी राहायची. ते बघवेना, म्हणून शॉक उघडायला शिकलो.

पहिल्यांदा एअर कॅनपुरतंच, म्हणजे शॉकची हवा धरून ठेवणाऱ्या बाहेरच्या नळकांड्यापुरतंच, काम घेतलं. हवा सोडायची, कॅन फिरवून काढायचा, जुनी सीलं काढून नवी बसवायची. असाच एक शॉक तीन आठवड्यांत परत आला: संध्याकाळी हवा भरावी तर सकाळी निम्मी गेलेली. सीलं कोरी होती. कॅनचं सील ज्या बॉडीवर सरकतं, तिच्यावर एक बारीक चरा होता. डोळ्यांना दिसला नव्हता, नख फिरवल्यावर अडकला. चूक आमची होती, काम पैसे न घेता पुन्हा केलं. त्या दिवसापासून सीलांचं पाकीट फोडायच्या आधी नख फिरतं, आणि चरा लागला तर सीलं बदलून काही होणार नाही हे आधीच सांगतो.

डँपरला, म्हणजे शॉकची हालचाल तेलाने आवरणाऱ्या आतल्या भागाला, हात घालायला आम्ही बराच वेळ घेतला, आणि ते बरंच झालं. आत तेल, एक तरता पिस्टन आणि त्याच्या मागे बहुतेक वेळा दाबाखालचा नायट्रोजन. तेलात हवेचा बुडबुडा राहिला तर शॉक हळू दाबताना चुकचुक आवाज येतो आणि दाबाची दिशा बदलते तिथे क्षणभर पोकळ लागतं. तेवढ्यासाठी सगळं पुन्हा ब्लीड करतो, म्हणजे तेलातली हवा काढतो. ह्यात घाई चालत नाही.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. शॉक दबून तसाच अडकला असेल तर घरी उघडू नका. हवा सीलमधून निगेटिव्ह बाजूला, म्हणजे शॉकला आत ओढणाऱ्या उलट्या कप्प्यात, गेलेली असते. व्हॉल्व्ह रिकामा दिसला तरी आत दाब असतो, आणि आटे सुटताच कॅन जोरात उडू शकतो.

पण धंदा खरा उभा राहिला तो न उघडलेल्या शॉकवर. “शॉक गेलाय, नवीनच घालावा लागेल ना?” म्हणत लोक येतात. आम्ही आधी त्यांना हेल्मेट, पाण्याची पिशवी, सगळं घेऊन सायकलवर बसवतो. शॉकवरची ओ-रिंग, म्हणजे शॉक किती दबला ते दाखवणारी रबरी कडी, सीलपाशी सरकवायची, न उसळता बसायचं, अलगद उतरायचं. नुसतं बसल्यावर शॉक जितका दबतो तो सॅग, आणि पूर्ण दबायचं अंतर तो स्ट्रोक. ५५ मिमी स्ट्रोकला ३० टक्के सॅग म्हणजे साडेसोळा मिमी. ओ-रिंग पंचवीसवर गेलेली असते! मग हवा थोडी थोडी भरायची, मधे मधे शॉक दाबून सोडायचा म्हणजे दोन्ही कप्प्यांतला दाब जुळतो, आणि पुन्हा मोजायचं. हवा वाढली की रीबाउंडही, म्हणजे शॉक परत उसळण्याचा वेग आवरणारा स्क्रू, थोडा घट्ट करावा लागतो, नाहीतर प्रत्येक दगडावर सीट लाथ मारते. कित्येकांचं काम इथेच संपतं.

सीट धरून सायकल उचलताना टक् आवाज आला, तर आधी शॉकचे बुश (टोकांच्या बोल्टभोवतीच्या बाह्या) आणि फ्रेमचे पिव्हट (हलते सांधे) बघतो.

आता आम्ही फक्त मागचे शॉक करतो. प्रत्येक शॉकचं पान वहीत असतं: रायडरचं वजन, हवेचा दाब, रीबाउंड पूर्ण बंद करून मोजलेले क्लिक, चालवलेले तास. बऱ्याच एअर शॉकना साधारण ५० तासांनी कॅनची सर्व्हिस लागते, डँपरला त्याहून पुष्कळ उशिरा, म्हणून तास लिहून ठेवा असं प्रत्येकाला सांगतो. काम झालं की शॉक त्याच क्लिकवर परत जातो. आणि पहिल्या वेळी नुसता शॉक पाठवू नका, सायकल घेऊन स्वतः या.