आधी दाबलं, तरी दिवा का लागला नाही?

शाळेतली प्रश्नमंजूषा संपली की बक्षीस मिळालेल्या पोरांचे आईवडील फोटो काढायला पळतात. ज्यांच्या पोरांना मिळालं नाही ते माझ्याकडे येतात. मी तेव्हा बझरच्या वायरी गुंडाळत असतो. "काका, आमच्या मुलानं आधी दाबलं होतं, आम्ही डोळ्यांनी बघितलं. मग दिवा दुसऱ्याचा कसा लागला?" सांगली, मिरज, तासगाव, इस्लामपूर, शाळा कुठलीही असो, प्रश्न हाच. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. त्यानं आधी दाबलं होतं, म्हणूनच लागला नाही.

माझं दुकान टीव्ही-मिक्सर दुरुस्तीचं, बझरचा सेट भाड्यानं देणं हा जोडधंदा. पहिला सेट साधा होता. पहिल्यांदा दाबणाऱ्याचा दिवा लागायचा, बाकीच्यांची बटणं बंद. पोरांनी त्यातली गोम लगेच ओळखली. सरांनी "महाराष्ट्रातील" एवढं म्हटलं की दाबायचं आणि मग उभं राहून छताकडे बघायचं! उरलेला प्रश्न सभागृहात कुणाच्याच कानावर पडायचा नाही.

त्यावरचा उपाय मला लेकीकडे अमेरिकेत गेलो तेव्हा सापडला. जावई रोज संध्याकाळी टीव्हीवर जेपर्डी लावायचे, तिकडची प्रश्नमंजूषाच ती. हा खेळ १९६४ सालचा. मधे खंड पडला, पण १९८४ पासून २०२० मध्ये वारेपर्यंत ॲलेक्स ट्रेबेक यांनी तो चालवला. यात सगळं उलटं असतं, उत्तर देतात ते आणि प्रश्न करायचा स्पर्धकानं. म्हणजे समजा फळ्यावर '१८४३' आलं, तर आपण म्हणायचं, "विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीता स्वयंवर' कधी केलं?" (ते हे विचारत नाहीत, तो त्यांचा तोटा.) हे उलटं कसं झालं तेही मजेशीर आहे. १९५० च्या दशकात तिथल्या काही कार्यक्रमांत स्पर्धकांना उत्तरं आधीच पुरवल्याचं उघडकीला आलं आणि प्रश्नोत्तरांच्या खेळांची पार अब्रू गेली. जेपर्डीचे निर्माते मर्व्ह ग्रिफिन ही गोष्ट बायकोला सांगत होते, तर ती म्हणाली, मग उत्तरंच देऊन टाका की! आणि तिनं आकडा टाकला, ५,२८०. यांनी विचारलं, एका मैलात फूट किती?

पण माझा जीव बझरात. १९८४ च्या पहिल्या हंगामात त्यांचाही कारभार माझ्या जुन्या सेटसारखाच होता, मजकूर दिसला की दाबा. पुढच्या हंगामापासून त्यांनी बटणांना लगाम घातला. निवेदकाचा शेवटचा शब्द संपेपर्यंत बटणं मेलेली असतात. तो संपला की आतला एक माणूस ती चालू करतो आणि फळ्याच्या दोन्ही बाजूंना दिवे लागतात. घरी बसलेल्यांना ते दिवे दिसत नाहीत. त्याआधी ज्यानं दाबलं त्याचं बटण पाव सेकंद बंद. पाव सेकंद म्हणजे काहीच नाही असं तुम्हाला वाटेल. तिथे तेवढ्यात दुसरा उत्तर घेऊन जातो. म्हणून काही जण दिव्याची वाटच बघत नाहीत, आवाजाच्या लयीवर दाबतात. २०१९ मध्ये गाजलेला जेम्स होल्झहाउअर तर घरी पेन्सिलीला टेप गुंडाळून अंगठ्याचा सराव करायचा. २०११ मध्ये आयबीएमचा वॉटसन संगणक खेळला, त्यालाही बटण दाबायला यांत्रिक अंगठा बसवावा लागला होता. आणि जिंकला तोच.

करोडपतीत ही भानगड नाही. तिथे सुरुवातीच्या फेरीत सगळेच उत्तर देतात आणि यंत्र प्रत्येकाचा वेळ मोजतं.

परत आल्यावर मी सेट उघडला, एक मुख्य स्विच वाढवला आणि आगाऊ दाबणाऱ्यासाठी टायमर बसवला. पाव नाही, अर्धा सेकंद. आपली पोरं एकदा दाबून थांबत नाहीत, दारावरची बेल वाजवावी तशी वाजवत बसतात. तुमचा मुलगाही तेच करत होता. दर वेळी त्याचा अर्धा सेकंद नव्यानं सुरू होत होता. मुख्य स्विच माझ्याच हातात असतो, सरांकडे देत नाही. सरांना आपल्या वर्गातली पोरं ओळखीची असतात.

आता कबूल करायचं तर एकदा एका शाळेत तीन नंबरच्या बटणाचा टाका खरंच सुटला होता. ते पोरगं बरोबर दाबत होतं आणि मी त्याला "शेवटपर्यंत ऐक रे" म्हणून सुनावत होतो. घरी येऊन सेट उघडला तेव्हा कळलं. तेव्हापासून खेळ सुरू व्हायच्या आधी प्रत्येक पोराकडून एकेकदा दाबून घेतो. तुमच्या मुलाचं बटण चार नंबर होतं. दिवा लागला होता, त्यालाच विचारा.