आजींना थेट २६ नंबरलाच जायचं होतं

अजिंठ्याला गाईड म्हणून बरीच वर्षं झाली, त्यामुळे पाय आपोआप १ नंबरच्या लेणीकडेच वळतात, हातात कमळ घेतलेला बोधिसत्त्व पद्मपाणी दाखवायचा, चित्रं भिंतीच्या ओल्या गिलाव्यावर नाही तर वाळलेल्या गिलाव्यावर काढलीत ते सांगायचं, मग १० नंबरला १८१९ साली शिकारीला आला आणि ज्याला ही लेणी दिसली त्या इंग्रज अधिकारी जॉन स्मिथची गोष्ट. पावसाळ्यातला रविवार होता, निम्मी गर्दी धबधब्यासाठी आलेली, पोरं लेणीत न शिरताच विचारत होती सातकुंड कुठून दिसतं. त्यांचंही खरंय, वाघूर नदी भरून वाहत असली की मलाही तिथंच थांबावंसं वाटतं.

त्यात बुलढाण्याकडच्या एक आजी, पांढरं लुगडं, सोबत मुलगा. मी सवयीने १ नंबरकडे निघालो तर म्हणाल्या, "बाबू, मले पयले झोपलेले भगवंत दाखव." आता २६ नंबर म्हणजे पार दुसऱ्या टोकाला. डोली करू म्हटलं तर नको म्हणाल्या, दर दहा पायऱ्यांना थांबत चालत आल्या.

आत डावीकडच्या भिंतीत बुद्धांच्या महापरिनिर्वाणाची मूर्ती, ७ मीटरच्या आसपास लांब. आजींनी बाहेरच चपला काढल्या होत्या, हात जोडले, हळू आवाजात त्रिसरण म्हटलं आणि खाली बसल्या. मी तोंड उघडलं, पाचवं शतक, वाकाटक राजघराणं, पण मुलाने नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि मी गप्प बसलो. वीसेक मिनिटं झाली असतील. मग आजींनी पायाकडच्या, डोक्याला हात लावून बसलेल्या आकृतीकडे बोट दाखवलं.

"ह्यो कोन?"

"आनंद, आजी. भगवंतांचा शिष्य. शेवटपर्यंत सेवेत होता."

आजी बराच वेळ त्याच्याकडेच बघत राहिल्या. "मालक गेले तवा मीबी अशीच बसली होती," म्हणाल्या.

इतक्या वर्षांत मी आनंदाबद्दल एका वाक्यापेक्षा जास्त कधी बोललो नव्हतो, वरच्या बाजूला कोरलेले देव दाखवून पुढे सरकायचो. त्या दिवसापासून तिकीट काढतानाच विचारतो, काय बघायला आलात, आणि उत्तर येईपर्यंत थांबतो.

बाहेर आल्यावर आजींनी चपला घातल्या, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "चाल आता, तुह्ये चित्रं दाखव."