उलटा चालणारा ट्रेलर
आज दुपारी ‘डेड आयलंड’ या झोंबींच्या (माणसांवर तुटून पडणाऱ्या जिवंत प्रेतांच्या) व्हिडिओ गेमचा २०११चा ट्रेलर वही घेऊन चार वेळा पाहिला.

सुरुवातीलाच हॉटेलबाहेर गवतावर पडलेली मुलगी. मग काळ उलटा फिरतो. ती हवेतून वर जाते, फुटलेली खिडकी सांधली जाते. मधूनमधून दुसरा धागा मात्र सरळ चालतो: कॉरिडॉरमधून जीव मुठीत धरून पळणारी तीच मुलगी. दोन्ही धागे दारापाशी भेटतात, बाबांचा हात तिच्या हाताजवळ पोचता पोचता. संवाद नाहीत, पियानो आहे. शेवट आधीच ठाऊक असूनही चारही वेळा मनात आलं, धरा हो तिला!

त्यानंतर सुट्टीवर आलेल्या त्याच कुटुंबाचा हसरा व्हिडिओ. तिथे मी वही मिटली. संध्याकाळी लेक शाळेतून आली, तिला दारातच घट्ट धरलं.