दोन दिवस सरळ रेघ

मंगळवार, रात्रीचे साडेअकरा. डबा अजून बॅगेतच आहे, भाजी आंबली असणार, पण आज लिहून टाकते नाहीतर उद्या यातलं निम्मं विसरेन.

तर शेवटी झेड-स्कॅनमध्ये (नमुना लेझरच्या वाटेत पुढेमागे सरकवून आरपार येणारा प्रकाश मोजायचा, त्याच्या आलेखात) खड्डा दिसला! कालपासून नुसती सरळ रेघ येत होती. सी-60 चं (साठ कार्बन अणूंचा फुटबॉलसारखा रेणू) सोल्युशनच गेलं असं वाटून मी नवीन बनवलं, टोल्युईनमध्ये, जांभूळ खाल्ल्यावर जिभेला येतो तसला रंग, आणि परत तीच रेघ.

खरं तर पद्धत सोपी आहे, शेख-बहाई वगैरेंनी 1989 मध्ये मांडली. लेन्सने लेझर फोकस करायचा आणि 1 मिमीचं कुव्हेट (सोल्युशनची पारदर्शक छोटी डबी) फोकसच्या अलीकडून पलीकडे सरकवत किती प्रकाश आरपार येतो ते बघायचं. फोकसवर तीव्रता सगळ्यात जास्त, त्यामुळे आमच्या सी-60 ला तिथे प्रकाश कमी यायला हवा.

का, तर 532 नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश शांत बसलेला रेणू थोडासाच शोषतो, पण एकदा तो एक्साइट झाला (ऊर्जा घेऊन वर गेला) की साधारण नॅनोसेकंदभरात ट्रिपलेट नावाच्या जास्त टिकणाऱ्या अवस्थेत उतरतो, जवळपास सगळेच उतरतात, आणि हा ट्रिपलेट तोच हिरवा प्रकाश कितीतरी जास्त खातो. आमचा पल्स 7 नॅनोसेकंदांचा, म्हणजे हवेत दोन मीटर लांब (प्रकाश नॅनोसेकंदात फूटभरच जातो, हे मला अजून गंमतशीर वाटतं). पल्सचं तोंड कुव्हेटमध्ये शिरतं तेव्हा एक पदार्थ असतो आणि शेपूट येईपर्यंत दुसराच झालेला असतो, बाटली तीच. जेवढा उजेड जास्त तेवढा काळोख जास्त. म्हणूनच 1992 मध्ये टट आणि कॉस्टनी 'नेचर'मध्ये सी-60 ऑप्टिकल लिमिटर म्हणून दाखवला, म्हणजे लेझरपासून डोळे नि सेन्सर वाचवायला.

आता माझा घोळ. अलाइनमेंटला एनर्जी कमी ठेवली होती तेव्हा फोटोडायोडसमोरचा (प्रकाश मोजणाऱ्या डिटेक्टरसमोरचा) एनडी फिल्टर, म्हणजे प्रकाश मंद करणारी काच, मीच काढला, मग एनर्जी वाढवली आणि फिल्टर राहिला ड्रॉवरमध्ये. डायोड सॅच्युरेट, म्हणजे प्रकाश कमीजास्त झाला तरी आकडा तोच! शेजारच्या टेबलावरची ताई चहा घेऊन आली, ऑसिलोस्कोपकडे बघून म्हणाली, "अगं पल्सचा माथा बघ की, कापल्यासारखा सपाट आहे." दोन दिवस मी त्या स्क्रीनसमोरच बसले होते. फिल्टर लावला, दहा मिनिटांत मधोमध छान खड्डा. मग नुसतं टोल्युईन लावून बघितलं, सरळ रेघ, आणि यावेळी त्या रेघेचा आनंद झाला.

पण एक गोष्ट खटकतेय. सरांना टेबलात बीटा हवाय, म्हणजे टू-फोटॉन शोषण किती होतं त्याचा आकडा. दोन फोटॉन एकदम शोषले जातात ती गोष्ट वेगळी, मारिया गोपर्ट-मायरनी 1931 मध्येच सांगितलेली. इथे एकामागून एक शोषले जातायत, मध्ये रेणू थांबतोय. फिट दोन्ही मॉडेल्सना बऱ्यापैकी बसतो हीच पंचाईत, पण पल्सची लांबी बदलली की हा बीटा बदलणार, मग तो सी-60 चा आकडा कसला, तो आमच्या लेझरचा आकडा. टेबलात पल्स-विड्थचा वेगळा कॉलम टाकू का विचारते उद्या. सर चिडतील बहुतेक.

आधी डबा धुते.