पायाळू

१२ ऑगस्ट, सोमवार

आत्याचा फोन. "मेडिकलला लागलीस म्हणे! डी. ओ. करतेयस ना? बरं झालं बाई, आमच्याकडे डोळ्यांचे डॉक्टर कमीच आहेत."

तिची चूक नाही. आपल्याकडे डी. ओ. म्हणजे नेत्रविकाराचा डिप्लोमा. म्हटलं, आत्या, डोळे नाहीत, ऑस्टिओपॅथी. पलीकडे क्षणभर शांतता. मग, "हां हां, त्या साबुदाण्याच्या गोळ्या." म्हटलं, ती होमिओपॅथी. शेवटी तिने मुद्द्यालाच हात घातला, "पण इंजेक्शन देता येईल ना तुला?"

येईल. ऑपरेशनही करता येईल. अमेरिकेत डॉक्टर व्हायच्या वाटा दोन, एम. डी. आणि डी. ओ. वर्षं चारच, औषधं तीच, आणि २०२० पासून पुढच्या रेसिडेन्सीची, म्हणजे पदवीनंतर हॉस्पिटलात काम करत शिकायची, व्यवस्थाही एकच. इथल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांत पाव भागाहून जास्त मुलं डी. ओ.च्या कॉलेजांत आहेत. आम्हाला वरून दोनेकशे तास हाताने तपासायला आणि हाताने उपचार करायला शिकवतात, एवढाच फरक. इंग्लंडमध्ये मात्र ऑस्टिओपॅथ म्हणजे डॉक्टर नव्हे. त्यामुळे नातेवाइकांनी गूगल केलं की गोंधळ वाढतो.

आत्याला एक गोष्ट सांगितली नाही. एम. डी.च्या एकोणीस कॉलेजांना अर्ज केले होते, एकानेही घेतलं नाही. म्हणून मी मिझुरी राज्यातल्या या किर्क्सव्हिल नावाच्या गावात आहे. वस्ती सतरा-अठरा हजार, चहूकडे मका आणि सोयाबीन. १८९२ मध्ये ऑस्टिओपॅथीची जगातली पहिली शाळा इथेच निघाली. म्हणजे पंढरपूरला आले, पण गाडी चुकल्यामुळे.

वही मराठीतच लिहायची ठरवलं आहे. सहावीपर्यंतचं मराठी गंजू नये म्हणून, आणि रूममेटला वाचता येऊ नये म्हणूनही.

३ सप्टेंबर, मंगळवार

आज ओएमएमची पहिली लॅब. ओएमएम म्हणजे हाताने करायचं ते सगळं. मोठा हॉल, उपचाराच्या टेबलांच्या रांगा, आणि आम्ही सगळे अर्ध्या चड्डीत. मुलग्यांनी शर्ट काढायचे, मुलींनी स्पोर्ट्‌स ब्रा. पाठ दिसल्याशिवाय पाठ कशी शिकणार, हे डोक्याला पटतं. पण ज्या मुलीला वाईजवळच्या गावात ओढणी नीट कर म्हणून सांगितलं गेलं, तिच्या खांद्यांना पटायला अर्धा तास लागला. विशेष म्हणजे दहा मिनिटांनी कुणीच कुणाकडे बघत नव्हतं. सगळे मणके मोजत होते. मानेच्या तळाशी जो टेंगळासारखा मणका लागतो तिथून खाली एक, दोन, तीन. मी दोनदा चुकले.

मग केसाचा खेळ. पुस्तकाच्या पानाखाली डोक्यातला एक केस ठेवायचा आणि डोळे मिटून बोटाने वरून तो शोधायचा. सापडला की वर आणखी एक पान घ्यायचं. मी नवव्या पानावर हरले. माझा जोडीदार आयोवाचा, घरी गाई. तो विसाच्या पुढे गेला आणि आपण काही विशेष केलं असं त्याला वाटलंही नाही. म्हणाला, गाय अडली की हात आत घालून अंधारात वासराचे पाय शोधावे लागतात, पुढचे की मागचे ते ओळखायचं, त्याच्यापुढे हा केस म्हणजे दोरखंड.

त्याच्याकडून कळलं की वासराचे पुढचे पाय आधी बाहेर यायला हवेत, आणि त्यांच्यावर नाक टेकलेलं. म्हणजे गाईंची झाडून सगळी वासरं पायाळू. मला हसू आलं, त्याला कारण सांगता येईना.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

डिसेक्शनची प्रॅक्टिकल परीक्षा नापास. ब्रेकियल प्लेक्सस. काखेत मज्जातंतूंचा जो गुंता असतो त्यात मी मीडियनला अल्नर म्हटलं आणि पुढचं सगळं एकेक घर सरकलं. रात्री मेतकूट-भात. आईला सांगितलं नाही. फॉर्मॅलिनचा वास केसांतून जात नाही.

१९ ऑक्टोबर, शनिवार

फेरपरीक्षा पास. त्या आनंदात गावातलं ऑस्टिओपॅथीचं म्युझियम पाहून आले.

तिथे काचेमागे माणसाची संपूर्ण मज्जासंस्था उभी आहे. हाड नाही, मांस नाही. वर मेंदू, त्याच्याखाली मज्जारज्जू, आणि त्यातून फुटलेले तंतू, पार पावलांपर्यंत, वाळलेल्या मुळ्यांसारखे. १९२५ मध्ये इथल्याच दोन विद्यार्थ्यांनी ती सोडवली. पंधराशेहून जास्त तास लागले. मी काखेपाशी पंधरा मिनिटं उभी होते. मीडियन, अल्नर, रेडियल. आता बरोबर आले. त्या दोघांनी असा एकेक तंतू सोडवला आणि मी चार आठवडे त्यांची नावं पाठ करत होते, याची जरा लाजही वाटली.

शेजारी संस्थापकाचं, अँड्र्यू टेलर स्टिलचं, जन्माचं लाकडी घर आणून ठेवलंय, आणि त्याची पहिली दोन खोल्यांची शाळाही. हा माणूस मला आवडावा की नाही हे अजून ठरत नाही. १८६४ मध्ये मेंदूज्वराने त्याची तीन मुलं गेली. तो स्वतः डॉक्टर, इतरही डॉक्टर घरात, कुणाला काही करता आलं नाही. त्या काळचं औषध म्हणजे पारा पाजणं आणि जुलाब देणं. त्याचा औषधांवरचा विश्वास उडाला, तो इतका की पुढे तो सरसकट सगळ्याच औषधांच्या मागे लागला. त्याचं दुःख कळतं, हट्ट नाही. आज आम्ही त्याच्या नावाच्या विद्यापीठात बसून अँटिबायोटिक पाठ करतो, हे बरंच झालं.

त्याने सांगितलेली लहानपणची एक गोष्ट मात्र मला फार खरी वाटते. दहा वर्षांचा असताना डोकं दुखत होतं. दोन झाडांना बांधलेल्या दोरीचा झोका त्याने जमिनीजवळ आणला, दोरीवर घोंगडीचं टोक टाकलं आणि तिच्यावर मान टेकून आडवा झाला. झोप लागली. उठला तर डोकं थांबलेलं. सगळी ऑस्टिओपॅथी म्हणे त्या दोरीवरून निघाली.

किर्क्सव्हिलला आल्यावर सुरुवातीला तो स्वतःला 'लाइटनिंग बोनसेटर' म्हणवून घ्यायचा. विजेच्या वेगाने हाडं बसवणारा. म्हणजे सरळ हाडवैद्यच की! वाचलं आणि पाय जागीच थबकले.

कारण मी पायाळू आहे. जन्मताना आधी पाय आले. आमच्या गावात पायाळूबद्दल तीन गोष्टी सांगतात. त्याला जमिनीतलं धन दिसतं. त्याच्यावर वीज पडते, म्हणून ढग गडगडले की आजी मला आत ओढून दार लावायची. आणि तिसरी, कुणाच्या पाठीत उसण भरली की पायाळूचा पाय लावला तर उतरते. धन काही दिसलं नाही. वीज अजून तरी पडलेली नाही. पण तिसरं काम मी पाच वर्षांची असल्यापासून केलं. शेतातून, दळणाच्या रांगेतून बायका यायच्या, पडवीत पालथ्या पडायच्या, आणि मी भिंतीला धरून त्यांच्या कंबरेवर पाय ठेवायची. तीनदा. मग लाडू मिळायचा, नाहीतर शेंगा. अकराव्या वर्षी आम्ही न्यू जर्सीला आलो आणि माझी प्रॅक्टिस बंद पडली.

मुलाखतीत विचारलं होतं, ऑस्टिओपॅथीच का? मी पाठ केलेलं उत्तर दिलं, शरीर-मन-आत्मा वगैरे. हे सांगितलं नाही.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

दिवाळी. भारतीय वाणसामान नव्वद मैलांवरच्या कोलंबिया शहरातून आणलं. चकल्या विकतच्या. बाबांचा फोन, इकडचं तिकडचं, आणि मग नेहमीचं, "नंतर एम. डी. करून घेता येत नाही का गं?"

त्यांना कॅलिफोर्नियाची गोष्ट सांगितली. १९६२ मध्ये तिथे दोन्ही संघटनांचं जुळलं आणि दोनेक हजार डी. ओ. डॉक्टरांना एम. डी.ची पदवी देऊन टाकली. फी ६५ डॉलर. कालपर्यंत भोंदू ठरलेली माणसं एका कागदाने शास्त्रशुद्ध झाली. वर नव्या डी. ओ.ना राज्यात परवानाच द्यायचा नाही असंही ठरलं, तो दरवाजा १९७४ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर उघडला. मला वाटलं बाबांना यातला विनोद दिसेल.

बाबा म्हणाले, "६५ डॉलर? अजून चालू आहे का ते?"

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आज खोटं बोलले. लिहून ठेवते.

क्रेनिअलची ओळख होती. जोडीदाराच्या डोक्याला दोन्ही तळव्यांनी हलकेच धरायचं आणि कवटीच्या हाडांची लय ओळखायची. नाडी नाही, श्वास नाही, तिसरीच. मिनिटाला दहा-बारा वेळा, फुगणं आणि आवरणं. विल्यम सदरलँड इथलाच विद्यार्थी, १९०० सालचा. कानाजवळच्या हाडाच्या तासलेल्या कडा पाहून त्याला माशाचे कल्ले आठवले आणि त्याने ठरवलं की ही हाडं हलत असणार.

मी डोळे मिटून बसले. जोडीदाराच्या केसांना शाम्पूचा वास. माझ्याच अंगठ्यातली नाडी. बाकी काही नाही. मॅडम रांगेतून विचारत आल्या, "लागतंय?" आधीची सहाही टेबलं 'हो' म्हणाली. मीही म्हणाले, "हो. थोडं डावीकडे जास्त." ते 'डावीकडे जास्त' कुठून आलं देव जाणे.

मग जागा बदलल्या. त्याने माझं डोकं धरलं. पाच मिनिटं तो गप्प. मॅडम आल्यावर सरळ म्हणाला, "नाही. मला काहीच लागत नाही." ज्याला वीस पानांखालचा केस लागतो तो हे म्हणाला.

मॅडम रागावल्या नाहीत. वेळ लागतो, म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

रात्री वाचत बसले. दोन जाणकारांनी एकाच माणसाचं डोकं धरलं तर दोघांचे आकडे जुळत नाहीत, असंच तपासण्यांतून दिसलेलं आहे. तरी डॉक्टरकीच्या परवान्यासाठीच्या बोर्डाच्या परीक्षेत यावर प्रश्न येतात. उलट पाठदुखीचं बघितलं तर १९९९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल या वैद्यकीय नियतकालिकात एक चांगला अभ्यास आलाय. कंबरदुखीचे रोगी, अर्ध्यांना नेहमीचे उपचार, अर्ध्यांना आमच्या पद्धतीचे. दोन्हीकडचे सारखेच बरे झाले. पण आमच्याकडच्यांना औषधं कमी लागली. भव्य असं काही नाही, पण हे मी कुणाच्याही डोळ्यात डोळे घालून सांगू शकते.

मला त्रास सदरलँडचा नाही. मला काय लागलं एवढंच विचारलं होतं आणि मी इतरांना काय लागलं ते सांगितलं. उद्या कुणाच्या पोटावर हात ठेवून असंच बोलले तर?

२३ फेब्रुवारी, रविवार

आजीला फोन केला. तिकडे रात्र, तिचं जेवण झालेलं. उगाच इकडचं तिकडचं न बोलता विचारलं, "आजी, मी पाय लावायची ना, तेव्हा खरंच उतरायची का उसण?"

"उतरायची की."

"पण कशानं?"

ती हसली. मग म्हणाली, "अगं, तुझा पाय लागला की घटकाभर उठायचं नसतं. मग मी पडून राहायचे. सासूबाईसुद्धा काही बोलायच्या नाहीत. एरवी दिवसाढवळ्या मला कुणी पडू देत होतं का?"

मी काहीच बोलले नाही. तिला वाटलं फोन कट झाला. "हॅलो? हॅलो? ऐकू येतंय का गं?"

"येतंय."

"आणि तुझी एवढीशी पावलं गार असायची. तेही बरं वाटायचं."

मग तिने विचारलं, थंडी किती, दूध मिळतं का, आणि ढग आले की घरात बसतेस ना. मिझुरीत वसंतात वादळं होतात हे तिला कुणीतरी सांगितलंय.

४ मार्च, मंगळवार

लॅबमध्ये बरगड्या. जोडीदाराचे डोळे लाल. शनिवार-रविवार घरी जाऊन आला, दोन रात्री गोठ्यात, एक वासरू मागच्या पायांनी आलं. ओढताना उजवा खांदा भरला होता. म्हटलं, मग आज तूच रोगी.

तो पालथा झाला. मी वरून खाली हात फिरवत गेले. पाचव्या मणक्यापाशी उजवीकडचा स्नायू दोरीसारखा, दाबल्यावर तो कण्हला. डावीकडे तसं काही नाही. हे लागलं. हे मला लागलं, कुणाला विचारायची गरज नव्हती. त्याच्या खाली आठव्या बरगडीशी वहीत लिहिलेलं काहीतरी लागायला हवं होतं. मॅडम आल्या. "आठवी?"

"नाही लागली," मी म्हटलं. "पाचवा मणका लागतोय."

"मग पाचव्याचंच कर."

कडाकडा मोडायचं काही नव्हतं, ते आम्हाला अजून शिकवलेलंही नाही. तळहाताने तो स्नायू कण्यापासून बाहेर ढकलायचा, धरायचा, सोडायचा. परत. पाच-सात मिनिटांनी तो सैल पडल्यासारखा वाटला. 'वाटला' असंच लिहिते. मी विचारलं, "आता कसंय?"

उत्तर नाही. वाकून पाहिलं तर झोपलेला, तोंड उघडं, टेबलावरच्या कागदावर लाळेचा डाग.

तास संपायला बारा मिनिटं होती. माझी पाळी राहिली होती. मी स्टूल ओढलं आणि बरगड्यांची वही काढून बसले.