पहिल्या नंबरची गॅरंटी

गुहागरच्या मामेभावाचं होमस्टे आहे. परवा गेलो तर दादाने होमस्टेच्या वेबसाइटसाठी आलेलं एक कोटेशन पुढे केलं. महिना आठ हजार, गूगलवर पहिला नंबर, गॅरंटीने! अशी गॅरंटी कुणीच देऊ शकत नाही, हे खुद्द गूगलच सांगतं. दुसरीच ओळ, 'मेटा कीवर्ड टॅग भरणे', म्हणजे पानाच्या कोडमध्ये शोधशब्दांची यादी टाकणे. तो टॅग आम्ही क्रमवारीसाठी बघत नाही, असं गूगलने २००९ मध्येच जाहीर केलंय. हसूच आलं. पुढची ओळ मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती: पाचशे बॅकलिंक, म्हणजे दुसऱ्या साइटवरून आपल्या साइटकडे येणाऱ्या लिंका. गूगलने २०१२ मध्ये क्रमवारीच्या पद्धतीत केलेल्या 'पेंग्विन' नावाच्या बदलाने अशा विकतच्या लिंकांपायी भल्याभल्या साइट खाली आणल्या होत्या.

मग सर्च कन्सोल उघडलं, म्हणजे लोक काय शोधताना आपली साइट दिसते ते सांगणारं गूगलचं साधन. लोक शोधत होते 'गुहागर घरगुती जेवण'. आणि दादाच्या साइटवर जेवणाचा मजकूर म्हणजे मेनूकार्डाचा तिरका फोटो! वहिनीला विचारून उकडीचे मोदक, सोलकढी, दर, एसटी स्टँडवरून कसं यायचं, सगळं नीट टाइप केलं. चार-चार एमबीचे फोटो लहान केले.

तेव्हापासून रोज फोन. "आलो का रे वर?"

दादा, गूगलला पान पुन्हा वाचायला तरी वेळ दे!