खोका अजून चीनमध्येच : नोंद सातवी

खोका आलेला नाही. आधीच सांगून टाकतो, म्हणजे फोटोसाठी कुणी खाली पळायला नको.

नव्यांसाठी थोडक्यात. सप्टेंबर २०२३ मध्ये किकस्टार्टरवर, म्हणजे वस्तू बनण्याआधीच लोक पैसे देतात त्या संकेतस्थळावर, एका रोल-प्लेइंग गेमला पैसे लावले. यात प्रत्येक जण एक पात्र होतो, गोष्ट बोलत पुढे जाते आणि जमलं की फसलं ते फासे ठरवतात. खोक्यात नियमांचं पुस्तक, कापडी नकाशा, सात फासे आणि गेम मास्टरसाठी, म्हणजे गोष्ट चालवणाऱ्यासाठी, आपले तक्ते झाकायला पुठ्ठ्याचा पडदा. वायदा होता डिसेंबर २०२४ चा. निर्मात्यांचं नाव घेत नाही. माणसं लबाड नाहीत, हिशेबाला कच्ची आहेत.

परवा त्यांचं एकतिसावं पत्र आलं. पुस्तक कधीच छापून झालंय, अडलंय फाशांपायी. वीस बाजूंच्या फाशावर २० च्या जागी त्यांचं चिन्ह हवं होतं, ते कोरलं गेलं १ च्या जागी. समोरासमोरच्या बाजूंची बेरीज २१, म्हणजे चूक बरोबर पाठीमागे! अख्खा माल परत, त्यात चिनी नववर्षाची सुट्टी. पुस्तक पुढे पाठवा म्हटलं तर टपालखर्च दोनदा परवडत नाही. तीनशे पानं गोदामात बसलीत सात फाशांची वाट बघत. हे फासे मूळ योजनेत नव्हतेच. जमलेला आकडा फुगत गेला तशी एकेक ‘फुकट’ वस्तू चिकटत गेली, आणि तेव्हा टाळ्या पिटणाऱ्यांत मीही होतो. यापुढे मी फक्त पुस्तकाचे पैसे भरणार.

आता मार्ग ऐका. चीनहून जहाज निघणार, हिंदी महासागरातून, म्हणजे आपल्या नाकाखालून, युरोपातल्या गोदामात जाणार. २०२३ च्या अखेरीस लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हापासून बऱ्याच कंपन्या सुएझ टाळून आफ्रिकेला वळसा घालतात. त्याचे दहा-बारा दिवस वेगळे. मग तिथून पार्सल उलटं पुण्याला. द्राविडी प्राणायाम तो हाच.

शिवाय कस्टम्स. आयात पुस्तकांवर २०१९ मध्ये ५ टक्के शुल्क बसलं. खेळण्यांवरचं २०२० मध्ये २० चं ६० झालं, २०२३ मध्ये ७०. आमच्या खोक्यात दोन्ही. उघडणाऱ्याच्या हाताला आधी पुस्तक लागू दे, एवढीच प्रार्थना.

प्रगती झाली ती घरी. पुस्तकाची पीडीएफ मिळाली होती, ती अप्पा बळवंत चौकाजवळ पाठपोट छापून स्पायरल करून घेतली. झेरॉक्सवाले काका म्हणाले, “कुठल्या क्लासच्या नोट्स?” पाच बैठका झाल्यात तिच्यावर. उंचावरून पडल्यावर किती इजा, त्या तक्त्यावर चहाच्या कपाचं वर्तुळ आहे आणि लढाईची पानं भोकांतून सुटायला लागलीत.

पडदा केलाय तीन जाड लग्नपत्रिका चिकटपट्टीने जोडून. माझ्या बाजूला तक्ते डकवलेत. खेळणाऱ्यांच्या बाजूला गणपती आणि ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!’ गेल्या शनिवारी थडग्यातून सांगाडा उठला, मी आवाज खोल काढला, आणि समोरचा एक जण ती ओळ मोठ्याने वाचून मोकळा झाला. सांगाड्याची भीती तिथेच संपली. खरा पडदा आला तरी हाच ठेवायचा, असा ठराव चार विरुद्ध एक मतांनी मंजूर झालाय.

पत्राच्या शेवटी पत्ता पक्का करायला सांगितलं होतं. पैसे भरले तेव्हाचं भाड्याचं घर मी केव्हाच सोडलंय. नवा पत्ता भरला, पिनकोड दोनदा तपासला.